ऋषिकेशला आश्रमात राहायचं तर: गोव्याहून जाणाऱ्यांसाठी

वाळवंटीकाठ (साखळी)

गोव्याहून चारधामला जाणाऱ्या सहलींत ऋषिकेशच्या वाट्याला जेमतेम अर्धा दिवस येतो. हरिद्वारहून बस निघते, पुलावर फोटो, रुद्राक्षाचं दुकान, जेवण, आणि अंधार पडायच्या आत पुढचा मुक्काम. आमच्या भजनी मंडळातल्या बायका अशाच जाऊन आल्या. काय पाहिलंत म्हणून विचारलं तर पूल आणि बाजार, यापलीकडे त्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. गुडघे धरत, वर्षभर पैसे साठवून गेलेल्या बायका त्या! मला ते फार लागलं, म्हणून हा धागा काढतेय.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. ऋषिकेशला जाल तर कुठला तरी एक आश्रम धरा, निदान तीन रात्री तिथेच राहा, आणि तिथला दिवस जसा चालतो तसे चाला. पहाटेची प्रार्थना, पंगत, दुपारी वाचन, संध्याकाळी सत्संग. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखं होतं, दुसऱ्या दिवशी कंटाळा येतो, आणि तिसऱ्या दिवशी घंटेच्या आधीच जाग येते. अर्ध्या दिवसात यातलं काही होणं शक्य नाही.

आधी गावाची रचना लक्षात घ्या, कारण आपण सगळ्याला सरसकट ऋषिकेश म्हणतो, पण ते तीन जिल्ह्यांत विभागलेलं आहे. बाजारपेठ, भरत मंदिर आणि त्रिवेणी घाट हे मूळ ऋषिकेश, डेहराडून जिल्ह्यात. तिथून वरच्या अंगाला गेलं की चंद्रभागा लागते (हो, नाव तेच, पंढरपूरचं). बहुतेक वेळा कोरडी असते. ती ओलांडली की मुनी की रेती, टिहरी जिल्ह्यात. आणि रामझुल्यावरून गंगा ओलांडून पलीकडे गेलं की स्वर्गाश्रम, तो पौडी जिल्ह्यात. कुठल्या काठावर राहणार हे आधी ठरवा, बाकीचं त्यावरून ठरतं.

मुनी की रेतीच्या बाजूला शिवानंद आश्रम आहे, आणि माझा जीव तिथे अडकलेला आहे. स्वामी शिवानंद मूळचे तमिळनाडूतल्या पट्टमडैचे. मलायात (आजच्या मलेशियात) दहा वर्षं डॉक्टर होते. सगळं सोडून १९२४ मध्ये ऋषिकेशला आले, संन्यास घेतला, पण औषधाची पेटी सोडली नाही. आजारी साधू आणि बद्रीच्या वाटेवरचे यात्रेकरू यांच्यावर उपचार करत राहिले. १९३६ मध्ये त्यांनी दिव्य जीवन संघ स्थापन केला. आजही आश्रमाचं धर्मादाय रुग्णालय चालतं, कुष्ठरोग्यांची सेवा चालते. चिन्मय मिशनच्या स्वामी चिन्मयानंदांनी इथेच, १९४९ च्या महाशिवरात्रीला, शिवानंदांकडून संन्यास घेतला.

या आश्रमात एक भजन हॉल आहे. ३ डिसेंबर १९४३ पासून तिथे 'हरे राम हरे राम, हरे कृष्ण हरे कृष्ण' हा महामंत्र अखंड चालू आहे. रात्री, दुपारी, पावसात, कधीही जा. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास भजन चालतं ते आपल्याला ठाऊक आहे, पारी, म्हणजे गाणाऱ्यांची पाळी, कशी बदलते तेही ठाऊक आहे. इथे ती पारी ऐंशीहून अधिक वर्षं बदलतेय. मी रात्री उशिरा तिथे बसले होते तेव्हा गाणारा एकटाच होता, अंगावर घोंगडी, समोर पेटी. त्याची वेळ संपत आली तसा दुसरा आला, चप्पल बाहेर काढून त्याच्या शेजारी बसला, दोन आवर्तनं त्याच्याबरोबर म्हटली, मग पेटी हळूच आपल्याकडे ओढून घेतली. पहिला नमस्कार करून उठला. सूर कुठे तुटला नाही. ऐकायला फक्त मी होते, आणि मी नसते तरी ते असंच झालं असतं. यासाठी जा म्हणते मी.

पलीकडच्या काठावर परमार्थ निकेतन आहे. १९४२ मध्ये स्वामी शुकदेवानंदांनी ते स्थापन केलं. हजारावर खोल्या आहेत, सूर्यास्ताची गंगा आरती प्रसिद्ध आहे, मार्चमध्ये आंतरराष्ट्रीय योग महोत्सव भरतो. त्याच्या शेजारीच गीता भवन, म्हणजे गोरखपूरच्या गीता प्रेसवाल्यांचं. तिथे उन्हाळ्यात मोठा सत्संग असतो, आणि पुस्तकांच्या दुकानात मराठी पुस्तकंही मिळतात. पहिल्यांदाच जाणाऱ्या, कुटुंबासह जाणाऱ्या मंडळींना हा काठ सोयीचा. एकट्याने शांतपणे राहायचं असेल तर अलीकडचा.

ज्यांचं राहणं झालंय त्यांनी जरूर लिहा. प्रश्न असतील तर विचारा.


काणकोणकर

ताई, लेख आवडला. पण एक विचारतो. नदीकाठी मठात राहायचं तर पर्तगाळीला कुशावतीच्या काठी का नको? आपल्या मातीतला मठ. १४७५ पासूनची परंपरा, नोव्हेंबर २०२५ मध्ये ५५० वर्षांचा सोहळा झाला, ७७ फुटी श्रीराम उभे राहिले. घाटावर उतरलं की पाणी, डोंगर, झाडी. आमच्या घरातली म्हातारी माणसं तिथे जाऊन बसली की त्यांना दुसरीकडे कुठे जावंसं वाटत नाही. गोव्यातल्या माणसाला आधी गोव्यातलं ठाऊक असावं असं माझं प्रामाणिक मत आहे.


वाळवंटीकाठ (साखळी)

काणकोणकर, पर्तगाळीला जायलाच हवं, त्यात दुमत नाही. कुंडईच्या तपोभूमी आश्रमालाही जावं. पण तुम्हीच सांगा, पर्तगाळीचे पहिले स्वामी श्री नारायणतीर्थ यांना दीक्षा कुठे मिळाली? मठाची परंपरा सांगते की बदरिकाश्रमात. आणि बद्रीची वाट ऋषिकेशवरूनच वर जाते. तेव्हाचा संन्यासी ती सगळी वाट पायी गेला असेल. म्हणून मला ही दोन ठिकाणं एकमेकांच्या विरुद्ध वाटत नाहीत. पर्तगाळीला मनोभावे जाणाऱ्याने एकदा तरी ती वाट पाहावी.


काणकोणकर

हे मात्र खरं. लहानपणापासून ऐकलंय, पण बद्रीची वाट आणि ऋषिकेश असं जोडून कधी मनात आलं नव्हतं. आईला नेण्याचा विचार करतो. तिचे गुडघे मात्र कामातून गेलेत.


म्हापशाचा_गणपुले

गुडघ्यांचं मी सांगतो, कारण वडिलांना घेऊन गेलो होतो. ऋषिकेश म्हणजे पायऱ्या. शिवानंद आश्रम डोंगराच्या उतारावर आहे, घाट खाली, समाधी मंदिर आणि भजन हॉल वर, मधून रस्ता जातो. त्या पायऱ्या चढताना वडिलांची दमछाक झाली. खोली मागतानाच 'वयस्कर आहेत, पायऱ्या नकोत' असं स्पष्ट लिहा. जमेल तसं खालची खोली देतात.

स्वर्गाश्रमाकडचा भाग त्या मानाने सपाट, पण तिथे पोचायचं कसं हा प्रश्न. रामझुल्यावरून मोटार जात नाही. म्हाताऱ्या माणसाला पूल चालत ओलांडायचा तर वारा असतो, पूल हलतो, गर्दी असते, गायीसुद्धा असतात. त्यापेक्षा मुनी की रेतीहून होडी घ्या, दहा मिनिटांत पलीकडे. पावसाळ्यात पाणी चढलं की होड्या बंद असतात. तेव्हा खालच्या अंगाच्या बॅरेजवरून मोटारीने वळसा घालून स्वर्गाश्रमाच्या बाजूला जाता येतं. टॅक्सीवाल्याला सुरुवातीलाच 'बॅरेजवरून' म्हणून सांगा, नाहीतर तो झुल्याच्या अलीकडे सामानासकट उतरवून जातो.

आणि लक्ष्मणझुला. जुनी माहिती वाचून लोक त्याच्याजवळचं राहणं ठरवतात. १९२९ चा तो पूल २०२० मध्ये सुरक्षेसाठी बंद केला. तेव्हा तो धरून बेत आखू नका. त्याच वर्षी जानकी सेतू सुरू झाला, तो रुंद आहे आणि वयस्कर माणसांना बरा पडतो.

वडिलांना हृदयाचा त्रास आहे म्हणून घरी सगळे नको म्हणत होते. ऋषिकेशला एम्स आहे हे कळल्यावर आईने होकार दिला. गरज पडली नाही, पण मनाला आधार होता.


नवखी_पर्वरी

एकटी बाई, वय ३४, आश्रमात राहायला देतात का? मला योगासनं शिकायची आहेत आणि थोडं शांत राहायचं आहे. इंटरनेटवर बघितलं तर शंभर ठिकाणी 'आश्रम' असं लिहिलेलं आहे आणि पैसे डॉलरमध्ये.


फोंड्याची_वैजयंती

नवखी, देतात. मी राहिलेय. काही आश्रम एकट्या व्यक्तीला, पुरुष असो की बाई, आधी पत्रव्यवहार केल्याशिवाय घेत नाहीत. स्वतःबद्दल, कशासाठी यायचंय त्याबद्दल चार ओळी प्रामाणिकपणे लिही. शिवानंद आश्रमाला तर बरेच आधी लिहून परवानगी घ्यावी लागते. आधारकार्ड लागतंच. रात्री फाटक लवकर बंद होतं, आणि मला तरी त्याचा जाच वाटला नाही, उलट निर्धास्त झोप लागली.

'आश्रम' पाटीबद्दल. तिथे योगशिक्षकांचे अभ्यासक्रम चालवणाऱ्या शाळा खूप झाल्यात. काही चांगल्या असतील, पण शाळा वेगळी आणि आश्रम वेगळा. मी साधं बघते. कुणा गुरूंची परंपरा आहे का, रोज पूजा-पाठ चालतो का, आणि फी भरली नाही तरी दारातून आत घेतात का. हे असेल तर तो आश्रम. योगासनंच नीट शिकायची असतील तर मुनी की रेतीला ओंकारानंद आश्रमाचं केंद्र आहे, तिथे अय्यंगार पद्धतीने शिकवतात. म्हणजे आपल्या पुण्याचीच विद्या.

माझं राहणं मात्र आसनांसाठी नव्हतं. मी स्वामी दयानंद आश्रमात होते, चंद्रभागेच्या पलीकडे शीशमझाडीत. तिथे गंगाधरेश्वराचं देऊळ आहे आणि अगदी गंगेला लागून वर्ग चालतात. उपनिषदं, गीता, शांकरभाष्य, शब्दाशब्दाने शिकवतात. स्वामी दयानंद २०१५ मध्ये गेले, पण शिकवण्याची पद्धत शिष्यांनी तशीच ठेवली आहे. मी संस्कृत शाळेत शिकले तेवढंच, तरी आठवड्याभरात एका श्लोकावर किती थांबता येतं ते कळलं. सकाळच्या वर्गात कुणीतरी विचारलं, 'मी रोज ध्यान करतो, तरी राग जात नाही'. शिकवणाऱ्या स्वामींनी त्याला उपदेश केला नाही. विचारलं, राग कुणाला येतो ते बघितलंस का? आणि पुढचा सगळा तास त्यावरच गेला. मी अजून त्या प्रश्नावर आहे.

वाळवंटीकाठ ताई म्हणतात ते पटतं, पण मी पुढे जाऊन म्हणेन की नुसतं राहू नका, काहीतरी शिकून या. तीन रात्रींत एखादं स्तोत्र अर्थासह होतं.


वाळवंटीकाठ (साखळी)

वैजयंती, तुमचं लिहिणं वाचून बरं वाटलं. पण आमच्या मंडळातल्या कित्येकींचं शिक्षण चौथीपर्यंत. भाष्य म्हटलं की त्या बिचकतात. त्यांना कीर्तनात बसू दे, पंगतीत वाढू दे. आश्रमात स्वयंपाकघरात भाजी निवडायला कुणी नको म्हणत नाही. माझ्या सोबतची एक बाई मेथी निवडता निवडता आंध्रच्या बाईशी तासभर बोलत होती. एकीला दुसरीची भाषा येत नव्हती, दोघींचं सगळं समजून चाललं होतं. तेही शिकणंच आहे.


फोंड्याची_वैजयंती

मान्य. ते मी लिहायला हवं होतं असं नाही, पण तुम्ही लिहिलंत ते छान झालं. कैलास आश्रमातही, जो १८८० चा आहे आणि शास्त्राध्ययनासाठीच ओळखला जातो, मी मागे बसून केवळ ऐकणारी साधी माणसं पाहिली आहेत.


सत्तरीकर

एक कडू अनुभव लिहितो, इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून. नेटवर एका मोठ्या आश्रमाच्या नावाने मोबाइल नंबर सापडला. बोलणारा माणूस अगदी गोड, 'जय श्रीराम' म्हणून सुरुवात. दोन खोल्यांचे पैसे मोबाइलवरून आगाऊ पाठवायला सांगितले. भावाने पाठवले. पोचल्यावर आश्रमाच्या कचेरीत कळलं की असं बुकिंगच नाही आणि तो नंबरही त्यांचा नाही. रात्रीचे नऊ, सोबत आई आणि मुलं. आश्रमातल्या माणसांनी त्या रात्रीपुरती जागा करून दिली, त्याबद्दल त्यांचे उपकार. पण पैसे गेले ते गेले.

नंबर घ्यायचा तो संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच. पैसे पाठवायचेच झाले तर ट्रस्टच्या नावाच्या बँक खात्यात. कुणा व्यक्तीच्या नावाचं खातं दिसलं की तिथेच थांबा. आणि पावती मागा. ८०-जीची, म्हणजे देणगीवर आयकरात सवलत देणारी, नोंदणी असलेला ट्रस्ट तशी पावती देतो.


म्हापशाचा_गणपुले

पोलिसांत तक्रार केलीत का? १९३० या नंबरवर सायबर फसवणुकीची तक्रार लगेच नोंदवता येते. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.


सत्तरीकर

केली, पण उशिरा. तुम्ही नंबर दिलात ते उत्तम, लोकांना कळू दे.


डिचोलीकर_माधव

पैशांवरून आठवलं. ठेवायचे किती? आपल्या देवळाच्या अग्रशाळेत (भक्तनिवासात) पाटीवर दर लिहिलेला असतो, भरायचे आणि चावी घ्यायची. तिथे 'इच्छेनुसार' म्हणतात तेव्हा माणूस गोंधळतो. कमी दिले तर बरं दिसत नाही, जास्त द्यायची ऐपत नसते.


वाळवंटीकाठ (साखळी)

माधवबाब, सगळीकडे एक पद्धत नाही. परमार्थसारख्या मोठ्या ठिकाणी खोलीचे ठरलेले दर असतात, विचारून घ्या. शिवानंद आश्रमात राहण्या-जेवणाचं भाडं म्हणून मागत नाहीत, देणगी स्वेच्छेने. माझा हिशेब सरळ असतो. त्या गावात साध्या लॉजमध्ये राहून दोन वेळ जेवले असते तर जेवढा खर्च झाला असता, निदान तेवढे द्यायचे. ऐपत असेल त्याने कुणा ऐपत नसलेल्याचेही द्यावेत. ज्याच्याकडे खरंच नाहीत त्याने मनात किंतु न ठेवता जेवावं आणि पंगत झाल्यावर हातात झाडू घ्यावा. आश्रम फुकटात चालत नाही. धान्य, वीज, रुग्णालय, सगळ्याला पैसा लागतो, आणि आपल्यासारख्या सुस्थितीतल्या लोकांनी तिथे स्वस्तात सुट्टी काढून यावं हे मला अजिबात पटत नाही.


निशिगंध

मला एका गोष्टीचं उत्तर हवंय. परमार्थची संध्याकाळची आरती पाहिली. माइक, कॅमेरे, पुढच्या पायऱ्यांवर मोबाइल वर धरलेले लोक, परदेशी पाहुणे. खरं सांगते, माझं मन तिथे लागलं नाही. आमच्या घरी तुळशीपुढे आई निरांजन ओवाळते त्यात मला जास्त मिळतं. मग एवढ्या लांब जाऊन काय?


फोंड्याची_वैजयंती

निशिगंध, तुझं मन लागलं नाही हे खोटं नाही. त्रिवेणी घाटावर जा, तिथली आरती गावातल्या माणसांची वाटते. किंवा आश्रमातल्या एखाद्या छोट्या घाटावर संध्याकाळी नुसती बस.


कुडाळहून_लिहितो

मी थोडं वेगळं सांगतो. २०१३ च्या जूनमध्ये केदारनाथला प्रलय झाला तेव्हा त्याच परमार्थच्या घाटासमोरची शंकराची मोठी मूर्ती गंगेच्या पुरात वाहून गेली. सगळ्या देशाने ते टीव्हीवर पाहिलं. ज्या पाण्याने मूर्ती नेली त्याच पाण्यासमोर तिथली मुलं पुन्हा आरती घेऊन उभी राहतात. माइक आहेत, कॅमेरे आहेत, मान्य. पण पुढे बसलेल्या ऋषिकुमारांकडे बघा. दहा-बारा वर्षांची मुलं, खड्या आवाजात स्तोत्रं म्हणतात, पाठ. त्यांच्यासाठी तो रोजचा नेम आहे. गर्दीकडे पाठ करून त्या मुलांकडे आणि पाण्याकडे बघितलं की आरती सापडते, असा माझा अनुभव.

आणि ज्यांना गर्दीच नको त्यांनी वसिष्ठ गुंफेला जावं. बद्रीच्या रस्त्याने ऋषिकेशहून साधारण २५ किलोमीटर. केरळातून आलेले स्वामी पुरुषोत्तमानंद १९२८ पासून तिथे राहिले, १९६१ मध्ये शिवरात्रीला त्यांनी देह ठेवला. गुंफेत शिरलं की आधी काहीच दिसत नाही. भिंतीला हात लावून बसायचं. हळूहळू समईचा उजेड दिसायला लागतो, मग शिवलिंग, मग आपल्या अगोदर येऊन बसलेली माणसं. कुणी बोलत नाही.

जाता जाता सांगतो, आमच्या माणगावचे टेंबे स्वामी, म्हणजे श्रीवासुदेवानंद सरस्वती, यांनी १९१४ मध्ये गरुडेश्वरला नर्मदाकाठी समाधी घेतली. दत्तभक्तांना ऋषिकेश लांब आणि थंड वाटलं तर गरुडेश्वर आहे. मराठी माणूस तिथे परका पडत नाही, आणि नर्मदेच्या घाटावर उतरल्यावर निशिगंधताईंना हवी ती शांतता मिळेल.


निशिगंध

गुंफेबद्दल ठाऊक नव्हतं. मुलांबद्दल तुम्ही लिहिलंत ते लक्षात ठेवते. धन्यवाद, कुडाळकर.


पेडणेकर_आत्माराम

कधी जावं यावर कुणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. आपण गोवेकर श्रावणात जाऊ म्हणतो, मासे बंद असतात, व्रतं असतात, मन तयार असतं. पण उत्तरेकडे महिना पौर्णिमेनंतर बदलतो. त्यांचा श्रावण गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी लागतो, म्हणजे आपल्या पंचांगात तो आषाढ वद्य पक्ष. तेव्हाच कावडयात्रा असते. लाखोंनी कावडिये हरिद्वार-ऋषिकेशला गंगाजल न्यायला येतात, नीलकंठ महादेवाला चढतात. रस्ते अडवलेले असतात, मोटारी वळवलेल्या असतात. भक्ती बघायची असेल तर जरूर जा, पण वयस्कर माणसांना घेऊन नको.

अडचण अशी की गुरुपौर्णिमा ते स्वामी शिवानंदांची पुण्यतिथी, आषाढ वद्य नवमी, हा काळ शिवानंद आश्रमात फार मोठा असतो, साधना सप्ताह असतो. त्याला जायचं असेल तर गुरुपौर्णिमेच्या दोन दिवस आधीच पोचा आणि मग आश्रमातून हलू नका.

मे-जूनमध्ये चारधामची गर्दी, ऋषिकेशच्या रस्त्यावर तासन्‌तास गाड्या उभ्या. डिसेंबर-जानेवारीची थंडी आपल्याला झेपत नाही, आश्रमात फरशी गार, पहाटेचं पाणी गार. दिवाळीनंतरचा महिना किंवा फेब्रुवारी-मार्च उत्तम.

गंगेत उतरताना साखळी धरा. घाटांवर लोखंडी साखळ्या लावलेल्या असतात त्या शोभेच्या नाहीत. आपल्याला मांडवी-झुवारीचं संथ, कोमट पाणी माहीत. हे बर्फाचं पाणी, ओढ जबरदस्त, आणि गुडघ्याच्या वर गेलं की पाय सुटतो. पोहता येणारी तरुण मुलंच जास्त करून वाहून जातात.


नवखी_पर्वरी

खूप उपयोगी. जेवणाचं काय? मी भाताशिवाय राहू शकत नाही, आई तर मुळीच नाही.


वाळवंटीकाठ (साखळी)

गाव शाकाहारी आहे, दारूही नाही. बऱ्याच आश्रमांत पोळी, डाळ, भाजी, खिचडी. शिवानंद आश्रमात दक्षिणेकडची माणसं पूर्वीपासून असल्यामुळे भात असतो, आणि सांबार-रसमही असतं. तिरुपती देवस्थानचं आंध्र आश्रमही ऋषिकेशला आहे. आईसाठी लिंबाचं लोणचं आणि सोलं (आमसुलं) घेऊन जा, गरम पाण्यात सोलं घातली की तिचं जेवण होईल. पंगतीत मात्र बाहेरचं काही काढू नका, खोलीत खा. आणि खोलीची खिडकी लावून खा, माकडं आत येतात. चश्मेही पळवतात.


काणकोणकर

आईला सांगितलं. बद्रीची वाट म्हटल्यावर तिचा चेहराच बदलला. आता गाडीचं सांगा. दिल्लीला उतरून पुन्हा गाडी बदलणं तिला जमणार नाही.


म्हापशाचा_गणपुले

बदलायची गरज नाही. केरळहून योगनगरी ऋषिकेशला जाणारी सुपरफास्ट एक्स्प्रेस कोकण रेल्वेने येते आणि मडगावला थांबते. गाडी क्रमांक २२६५९, येताना २२६६०. आठवड्यातून एकदाच असते, म्हणून आरक्षण खुलं झालं की त्याच दिवशी करा. दोन रात्री गाडीत जातात. आईसाठी खालचा बर्थ मागा. ज्येष्ठ महिलांच्या कोट्यात मिळण्याची शक्यता असते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, तेव्हा वेळ पुन्हा तपासा.

विमानाने जायचं तर मोपा किंवा दाबोळीहून दिल्ली आणि तिथून डेहराडूनचा जॉली ग्रँट विमानतळ. तिथून ऋषिकेश २० किलोमीटरच्या आसपास. पण दिल्लीला विमान बदलावं लागेल, व्हीलचेअर आधी नोंदवा.

दिवाळीनंतर जाणार असाल तर आश्रमाला पत्र आत्ताच पाठवा. पत्रात आईचं वय, गुडघे आणि खालची खोली हे तिन्ही लिहा.


काणकोणकर

आजच लिहितो. हिंदीत लिहू की इंग्रजीत?


फोंड्याची_वैजयंती

कुठल्याही भाषेत चालतं, इंग्रजीत उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव. आईला कीर्तनाची आवड असेल तर तेही लिहा.